तोंडात टाचण्या

मी शिंपीकामाचा पुतळा बोलतोय. तोंड नसताना कसा बोलतोय, असं विचारू नका. तोंड असलेली माणसं ऐन वेळी गप्प बसलेली मी आयुष्यभर पाहिली आहेत. मग तोंड नसलेला थोडा बोलला, तर बिघडलं कुठे?

मला डोकं नाही. मानेवर लाकडाचं गुळगुळीत बोंड आहे. हात नाहीत. पाय एकच, तोही लोखंडी, खाली तीन फाटे फुटलेला. छाती आहे, पाठ आहे, खांदे आहेत. पोट नावापुरतं आहे, त्यामुळे कधी भूक लागली नाही आणि कुणापुढे हात पसरावे लागले नाहीत. पसरायला हातही नव्हते म्हणा.

माझा जन्म जरा गमतीदार आहे. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याला मापासाठी एक सरळ उभा राहणारा माणूस हवा होता. फुकट कोण उभा राहणार? त्याने आपल्या मेहुण्याला धरलं. मेहुणा बिचारा बहिणीकडे जेवायला आला होता. त्याच्या अंगावर ओल्या कागदाचे थर चढवले आणि वाळेपर्यंत हलायचं नाही अशी ताकीद दिली. नेमकं तेव्हाच शेजारच्या घरात नवरा-बायकोचं भांडण पेटलं. ते नीट ऐकू यावं म्हणून मेहुणा डावीकडे कलला आणि तसाच वाळला. म्हणून माझा डावा खांदा आजही उतरता आहे. लोकांचं बोलणं चोरून ऐकायची माझी खोडही तिथूनच आली असणार.

मग मी एका मोठ्या तयार कपड्यांच्या कंपनीत दाखल झालो. तिथे एकदा जिन्याखाली आग लागली, तेव्हा मी माझ्या एका पायावर टणाटण उड्या मारत तीन मजले उतरलो होतो. हे खोटं आहे असं म्हणणारे दोघेही त्या दिवशी रजेवर होते.

कंपनीत प्रत्येकाला आपापलं काम ठरवून दिलेलं होतं. तळमजल्यावर कापडाचे थर लावणारे. त्यांच्यावर कापणारे. त्यांच्यावर शिवणारे. कापणाऱ्याला थर लावलेलं कापड आयतं समोर यायचं, शिवणाऱ्याला कापलेले तुकडे. एकाच कोटावर सगळ्यांची हयात गेली, पण पूर्ण कोट कुणीच पाहिला नव्हता. अपवाद माझा, कारण तो शेवटी माझ्याच अंगावर चढायचा.

कापणी विभागाचे मास्तर म्हणजे मोठी असामी. गळ्यात टेप, कानावर खडू, नाकाच्या टोकावर चष्मा. सुटीची घंटा वाजली तरी त्यांच्या टेबलाशी थांबून विचारल्याशिवाय कुणी जात नसे. ‘मास्तर, निघू का?’ मास्तर मान वर न करता म्हणायचे, ‘हं, नीघ.’ असा काही नियम नव्हता, कुठे लिहिलेलंही नव्हतं. पण एका इस्त्रीवाल्याची बायको बाळंत होत होती, तोही विचारायला थांबला. मास्तर चहाला गेले होते. ते परत येईपर्यंत तो बाप झाला.

माझं ज्यांच्याशी जमलं, त्या बाई मास्तरांच्याच हाताखाली नमुन्याचे कपडे शिवायच्या. लग्नाआधी आल्या, पुढे मुलगी कॉलेजात गेली तरी त्याच स्टुलावर बसलेल्या. सगळे त्यांना टाचणी म्हणायचे. एक तर बांधा तसा, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांत धरायच्या, एकेक काढून माझ्या अंगावरच्या कापडात खोचायच्या. सगळेच शिंपी असं करतात. पण टाचणीबाईंची एक गंमत फक्त मला ठाऊक होती. कुणी चुकीचं बोललं, कुणी त्यांचं काम आपलं म्हणून साहेबांना दाखवलं, कुणी उगाच आवाज चढवला, की त्यांचा हात चटकन टाचण्यांच्या डबीकडे जायचा आणि मूठभर टाचण्या तोंडात. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. नुसतं ‘हं हं’ करून भागतं.

मी त्यांना किती वेळा म्हणालो, ‘बाई, काढा त्या टाचण्या.’ मनातल्या मनात. माझं सगळं मनातल्या मनातच चालतं.

या बाई नोकरी सोडतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. कंपनीच्या दारावर लोक लहान लहान कामं घेऊन यायचे. कुणाला बँडचे गणवेश हवेत, कुणाला नाटकाचे कपडे. कंपनी म्हणायची, एवढंसं काम आम्ही करत नाही. बाई खिडकीतून त्या परत जाणाऱ्या पाठी बघत बसायच्या. असं कितीतरी दिवस चाललं आणि एके दिवशी त्यांनी राजीनामा ठेवला. निरोपाला कंपनीने भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, ‘हा? अहो, याचा खांदा वाकडा आहे.’ बाई ‘हं हं’ म्हणाल्या. तोंडात अर्थातच टाचण्या.

बाईंचे यजमान बस चालवतात. त्यांनी मला शेवटच्या सीटवर बसवून आणलं. वाटेत एका म्हाताऱ्या आजींनी मला सरकून बसायला सांगितलं. मी सरकलो नाही, तर म्हणाल्या, ‘आजकाल कुणाला डोकंच उरलेलं नाही.’ मी खाली मान घातली असती, पण तिची सोय नव्हती.

एका दुकानाच्या वर, जिना चढून गेलं की समोर, अशा एका लांबट खोलीत बाईंनी कारखाना थाटला. शिवणाची दोन मशिनं, एक लांब टेबल, इस्त्री, खिडकी आणि मी. दोन मशिनांवर दोघी सख्ख्या जावा बसल्या. थोरली आणि धाकटी. त्यांचं आपसात बोलणं बंद होतं. का, ते दोघींनाही आठवत नव्हतं. थोरलीला कात्री हवी असली की ती माझ्याकडे बघून म्हणायची, ‘कुणीतरी कात्री देईल का?’ आणि धाकटी माझ्याकडे बघून म्हणायची, ‘ज्याला हवी त्याने उठावं.’ मला इतका मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

राहिले मास्तर. ते नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते आणि सुनेच्या पोळ्या कशा असाव्यात यावर मतं देत होते. बाई त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, तुम्ही आलात तर मला आधार होईल.’ सुनेने दुसऱ्या दिवशी मास्तरांचा डबा सकाळीच भरून तयार ठेवला.

मास्तर आले. खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली. कारखान्यात खुर्ची एवढी एकच होती. मालकीणबाई स्टुलावर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काय झालं ते ऐका. जावा गेल्या. बाईंनी टेबल आवरलं, पिशवी घेतली, मास्तरांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, निघू का?’

मास्तरांनी मान वर केली नाही. ‘हं, नीघ.’

बाई जिना उतरून चौकापर्यंत गेल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कारखाना आपला आहे, किल्ली आपल्या पिशवीत आहे आणि मास्तर आत आहेत. धावत परत आल्या. मास्तर म्हणाले, ‘काय गं, विसरलीस काही?’ तर बाई म्हणतात, ‘हो, छत्री.’ बाहेर लख्ख ऊन होतं.

मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. मग मला हसू येईनासं झालं.

थोरली टाके वाकडे घालायची. बाई काही बोलायच्या नाहीत. ती गेली की उसवून स्वतः घालायच्या. धाकटी रोज उशिरा यायची. बाई म्हणायच्या, ‘आज बसला गर्दी असेल ना?’ आणि बसचालकाची बायको असून हे बोलायच्या! मास्तर येणाऱ्या गिऱ्हाइकांना परस्पर सांगायचे, ‘ते असं होणार नाही, तसं होईल.’ गिऱ्हाइकांना वाटायचं कारखाना मास्तरांचा, आणि बाई म्हणजे चहा देणारी मदतनीस. बाई चहा देतच असत. कपबशी खाली ठेवली की हात डबीकडे. टाचण्या.

आता सकाळचं सांगतो. बाई सगळ्यांच्या आधी यायच्या, दार आतून लावून घ्यायच्या आणि माझ्या गळ्यात टेप अडकवायच्या. मग दोन पावलं मागे जाऊन, पदर सारखा करून सुरू व्हायच्या.

‘मास्तर, मला तुमच्याशी जरा बोलायचंय.’

थांबायच्या. डोकं हलवायच्या. पुन्हा. ‘मास्तर! हे असं चालायचं नाही.’ हा कंपनीतल्या साहेबांचा आवाज. तो काही जमला नाही, खोकला आला. मग शाळेतल्या मुख्याध्यापिकांचा आवाज काढला. तो बरा होता, पण शेवटी ‘हात पुढे कर’ असं तोंडातून निघून गेलं. सगळ्यांत झकास जमला तो सासूबाईंचा. ‘या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?’ असा दणका की माझ्या अंगातला जुना भुसा हलला.

आणि दणका दिल्यावर लगेच पुढे येऊन माझ्या खांद्यावरून हात फिरवायच्या. ‘लागलं नाही ना रे?’

एकदा थोरलीने बाहेरून ऐकलं. दार उघडल्यावर विचारते, ‘ताई, कुणाशी बोलत होता?’

‘कुणाशी नाही. माप घेत होते.’

‘तोंडाने?’ थोरली म्हणाली.

धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काहीजणांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय असते.’

तर अशी आमची तालीम चालली होती. एका माणसाने रोज युद्धाची तयारी करावी आणि रोज रणांगणावर चहा घेऊन जावा, तशी. मी एकटा प्रेक्षक. टाळी वाजवायलाही लाचार.

मग ते मोठं काम आलं. शहरातल्या एका वाद्यवृंदाला सगळ्यांसाठी काळ्या मखमलीचे कोट हवे होते. त्यांचे प्रमुख स्वतः जिना चढून आले. उंच, हडकुळे, बोलताना हवेत बोटं हलवणारे. म्हणाले, ‘रंगमंचावर सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. एका माणसासारखे.’ बाईंनी मान डोलावली. हे काम नीट झालं असतं तर कारखाना उभा राहिला असता. नाही झालं तर काय, ते यजमानांनी जेवणाचा डबा आणून देताना सहज सांगितलं होतं. ‘अगं, कंपनीत तुझं स्टूल अजून रिकामं आहे म्हणे. साहेब बसमध्ये भेटले होते. परत ये म्हणत होते.’ माणूस प्रेमाने बोलला होता. पण बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

आता मखमलीची एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीसारखी. एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की खरखरीत. आणि उलट लव असली की रंगही वेगळा दिसतो; काळा असेल तर राखाडी. म्हणून मखमल टेबलावर पसरताना प्रत्येक थर कापून पुन्हा त्याच टोकापासून लावायचा असतो. नुसतं कापड पुढे-मागे घड्या घालत गेलं, की एक थर सुलटा, दुसरा उलटा.

मास्तरांनी पुढे-मागे घड्या घातल्या.

त्यांना दोष कसा देऊ? कंपनीत थर लावायला वेगळी माणसं होती. मास्तरांनी कापलं लाखो वार, लावलं एक वारही नाही. त्यांचा खडू कधी चुकला नाही, कात्री कधी हलली नाही. कापड आपल्यासमोर कसं येतं, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडलाच नव्हता.

पहिला कोट कच्च्या टाक्यांवर माझ्या अंगावर चढला तेव्हा मला कळलं. छातीवरची लव खाली जात होती, पाठीवरची वर. अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात मध्येच थांबला. त्यांनी मला खिडकीकडे वळवलं. मग पाठमोरा केला. त्यांना कळलं. अजून बाकीचे कोट शिवायचे होते. एकेका थराचे तुकडे वेगळे लावून घेता आले असते, निदान काही वाचलं असतं.

मास्तर खुर्चीतून म्हणाले, ‘कसा बसलाय बघ, टाचणे! याला म्हणतात कापणी.’

मी मनातल्या मनात ओरडलो, ‘बोला! सासूबाईंचा आवाज काढा!’

बाईंनी डबी उघडली.

कोट गेले आणि कोट परत आले. रंगीत तालमीला दिवे लागले, तेव्हा अर्धा वाद्यवृंद काळा आणि अर्धा राखेत लोळून आल्यासारखा दिसला. एका बासरीवाल्याचं तर अंग काळं आणि बाह्या राखाडी. वाद्यवृंदाचे प्रमुख बोटं हलवत नव्हते, म्हणजे फारच रागावले होते. बाई त्यांना म्हणाल्या, ‘चूक माझी आहे. मी सगळे पुन्हा शिवून देते.’ ते म्हणाले, ‘कार्यक्रमाच्या आधी द्या. नाही तर राहू द्या.’

ते गेल्यावर मास्तरांनी विचारलं, ‘काय झालं गं? परत का आणले?’

बाई म्हणाल्या, ‘कापडच खराब निघालं, मास्तर.’

‘तरी मला वाटलंच होतं,’ मास्तर म्हणाले. ‘पुढच्या वेळी दुकान बदल.’

बाईंनी खोटं बोलून मास्तरांची अब्रू वाचवली आणि आपला गळा मास्तरांच्या कात्रीखाली ठेवला. मला हे सगळं दिसत होतं आणि माझ्या अंगावर त्यातलाच एक फसलेला कोट होता, पुढून काळा, मागून राखाडी. नमुना म्हणून.

मखमलीचा दुसरा गठ्ठा आला. घरात होतं नव्हतं ते त्यात गेलं होतं. तिसरा येणार नव्हता. दुपारची वेळ. दोन्ही मशिनं घडघडत होती. मास्तरांनी गठ्ठा सोडला आणि टेबलावर पसरायला लागले. पुढे, मागे. पुढे, मागे. अगदी तसंच.

बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. हात डबीत गेला. टाचण्या ओठांत. आणखी टाचण्या. मास्तरांनी सगळे थर लावले, वरून हात फिरवला, खडूने पहिल्या कोटाची पाठ आखली आणि कात्री उचलली.

मी पडायचं ठरवलं. खरंच सांगतो. माझ्या पायाचा एक स्क्रू कंपनीपासूनच ढिला होता. सगळा जीव डाव्या खांद्यात आणला आणि कललो. माझ्या आजवरच्या सगळ्या गोष्टी तुम्ही थापा समजा, मी रागावणार नाही, पण या एका गोष्टीवर विश्वास ठेवा, की मी त्या दिवशी पडायचा जिवापाड प्रयत्न केला. मी पडलो नाही. कागद आणि भुसा कधी आपणहून पडत नाहीत. ज्याने तीन मजले उड्या मारल्या, त्याला एका टेबलाशेजारी साधं कोसळता येईना.

बाईंनी माझ्या पाठीकडे पाहिलं. त्या राखाडी पाठीकडे. मग ओठांतली एक टाचणी काढून माझ्या छातीत खोचली. दुसरी काढली, खोचली. एकेक करत सगळ्या. माझी छाती टाचण्यांनी भरून गेली आणि त्यांचं तोंड रिकामं झालं.

‘मास्तर, थांबा.’

तो आवाज साहेबांचा नव्हता, मुख्याध्यापिकांचा नव्हता, सासूबाईंचा तर अजिबात नव्हता. चिरका, कापरा, कधीच न वापरलेला. मशिनांच्या आवाजात कुणालाच ऐकू गेला नाही. कात्री उघडली.

‘मशिनं बंद करा गं!’

मशिनं बंद झाली. दोघी जावांनी चुकून एकमेकींकडे पाहिलं.

‘मास्तर, कापू नका. हे कापड असं लावायचं नाही. मखमल आहे. लव एका बाजूला हवी.’

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘कोण म्हणतं?’

‘मी म्हणते.’ पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. ‘मागच्या वेळी पण असंच झालं होतं. कापड चांगलं होतं, मास्तर. मी तुम्हाला खोटं सांगितलं.’

‘म्हणजे माझं चुकलं?’

मला वाटलं, आता त्या छत्री शोधतील.

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘आणि मी तेव्हा बोलले नाही, ते माझं.’

‘उभी हयात गेली माझी यात. तुला टाचणी धरायला मी शिकवलं.’

‘तुम्हीच शिकवलं. पण तिथे थर लावायला माणसं होती. इथे नाहीत. इथे आपणच आहोत.’

मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली. आवाजही होऊ दिला नाही. गळ्यातला टेप काढला, तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून माझ्या मानेत अडकवला आणि दाराकडे गेले. उंबऱ्याशी एकदा घुटमळले. मग जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. एकेक पायरी, सावकाश.

धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आता कापणार कोण?’

बाई म्हणाल्या, ‘मी कापते. तू आणि थोरली दोघी मिळून थर लावा. एकीने हे टोक धरा, एकीने ते. आणि बोलल्याशिवाय जमणार नाही, म्हणून बोला.’ मग कात्री उचलून धाकटीला, ‘आणि उद्यापासून वेळेवर ये.’

त्यानंतर बाईंचे दिवस कसे गेले ते विचारू नका. जेवण नाही, बोलणं नाही. दारात पाऊल वाजलं की मान वर. मास्तर नसायचे. सकाळची तालीम बंद झाली. आल्या की सरळ टेबलाशी. एकदा फक्त, खिडकीजवळची रिकामी खुर्ची पुसून पुन्हा तिथेच ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

कोट वेळेवर गेले. कार्यक्रमाला मला कुणी नेलं नाही, पण जावा जाऊन आल्या. थोरली म्हणाली, ‘सगळे शाईत बुडवून काढल्यासारखे काळे दिसत होते.’ धाकटी म्हणाली, ‘शाई नाही, डांबर.’ त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. समोरासमोर. मध्ये मी नव्हतो. माझी एक नोकरी तिथेच गेली.

आणि मग एके दिवशी जेवणानंतर मास्तर आले. दारातच उभे. ‘कात्री राहिली होती माझी.’

बाई उठून उभ्या राहिल्या, सवयीने. कात्री पुसून ठेवलेलीच होती. ती हातात धरली आणि दिली नाही.

‘मास्तर, नाटकवाल्यांचं काम आलंय. बाह्या बसवायच्यात. तुमच्यासारखी बाही इथे कुणाला बसवता येत नाही. थर लावणं, कापणं मी बघते. बाह्यांचं तुम्ही बघाल?’

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं. मग थोरलीकडे, धाकटीकडे, आणि का कोण जाणे, माझ्याकडे. ‘घरी सून म्हणते, पोळ्या छान झाल्यात असं म्हणत जा,’ ते म्हणाले. ‘ते काही मला जमत नाही.’ आणि बसले.

संध्याकाळपर्यंत काम केलं. मान वर केली नाही. जावा ‘ताई, येतो’ म्हणून गेल्या. मग मास्तर उठले. चष्मा घडी करून खिशात ठेवला. बाईंच्या टेबलासमोर येऊन थांबले. दोन्ही हातांत डब्याची पिशवी धरलेली.

‘निघू का?’ त्यांनी विचारलं.

बाईंचं तोंड उघडं राहिलं. तेच शब्द त्यांच्याही ओठांवर होते, मला दिसले. हात डबीपर्यंत गेला आणि मागे आला.

‘हं,’ त्या म्हणाल्या. ‘निघा, मास्तर. उद्या जरा लवकर या.’

चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, रस्त्यात मिसळून गेला. मला वाटलं, आता बाई हसतील. रोज सकाळी ज्याची तालीम केली, ते घडलं होतं. त्या माझ्याजवळ आल्या. कपाळ माझ्या उतरत्या खांद्यावर टेकवलं आणि रडल्या. ‘मला वाटलं होतं, बरं वाटेल,’ त्या म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, ‘आता मी कुणाला विचारू रे?’

मला हात असते तर. एवढंच म्हणतो.

कारखाना आता मोठा झालाय. नवे पुतळे आलेत, किल्ली फिरवली की लहानमोठे होणारे, दोन्ही खांदे सरळ. बाई माणसांशी बोलतात. कधी चिडून, कधी हसून, बहुतेक वेळा साध्या आवाजात. टाचण्या तोंडात असतात, पण कामापुरत्या. कारखान्याला आता माझी गरज उरली नाही. हा पुतळा जिन्याच्या वळणावर उभा आहे. माझ्या एका खांद्यावर कुणाचा तरी रेनकोट असतो, बोंडावर यजमानांची बसची टोपी. कापड फाटलंय, डाव्या बरगडीतून भुसा गळतो. खालचा दुकानदार परवा म्हणत होता, ‘हे धूड उचला इथून, गिऱ्हाईक दचकतं.’ भंगारवाल्याला निरोप गेलाय म्हणे.

हल्ली एक मात्र चाललंय. धाकटी सकाळी लवकर येते. जिन्याच्या वळणावर थांबते, वर-खाली बघते आणि माझ्या छातीशी तोंड आणून कुजबुजते, ‘ताई, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. मी माझं स्वतःचं काहीतरी...’ पुढे अडते. पुन्हा सुरू करते. मी काय सांगणार? मला डोकं नाही. फक्त एवढंच मनात येतं, की भंगारवाल्याने तिची तालीम होईपर्यंत तरी थांबावं.

संध्याकाळी कारखाना सुटतो. सगळे माझ्यासमोरून उतरतात. शेवटी बाई. कुलूप लावतात, एकदा ओढून बघतात, उतरायला लागतात. त्या वळणावर आल्या की मी रोज विचारतो. मनातल्या मनात, पण स्पष्ट.

बाई, निघू का?

उत्तर येत नाही. म्हणून मी अजून इथेच आहे. तुमच्यापैकी कुणी या जिन्यावरून गेलात आणि एक डावा खांदा उतरलेला गडी दिसला, तर मान वर केली नाही तरी चालेल. जाता जाता एवढं म्हणा, ‘हं, नीघ.’